अरोल्डिस चॅपमनचे ९७ चेंडू: २०१६ ची वर्ल्ड सिरीज आणि पिचर राखण्याचं गणित

१ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. क्लीव्हलँडच्या प्रोग्रेसिव्ह फील्डवर वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकी बेसबॉलच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना सुरू आहे. सातवी इनिंग (एकूण नऊ, प्रत्येकीत तीन आउट), दोन आउट, बेसवर दोन रनर. शिकागो कब्ज ७-२ असे पुढे आहेत आणि सामना संपायला त्यांना फक्त सात आउट हवे आहेत. अशा वेळी कब्जचा मॅनेजर जो मॅडन मैदानात येतो आणि बुलपेनमधून (राखीव पिचर जिथे हात गरम करतात तिथून) अरोल्डिस चॅपमनला बोलावतो. चॅपमन हा त्या काळचा सर्वांत वेगवान पिचर आणि कब्जचा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा. दोनच दिवसांपूर्वी, पाचव्या सामन्यात, त्याने ४२ चेंडू टाकलेले आहेत. आणि आजचा सामना कब्ज जिंकले तर उद्या सातवा सामना आहे, ज्यानंतर पुढचा सामनाच नाही.

या सिरीजबद्दल आजवर जे लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बहुतेक सातव्या सामन्याभोवती फिरतं. ते स्वाभाविक आहे, कारण तो सामना तसाच होता: दहा इनिंग, मध्येच पाऊस, ८-७ असा निकाल, आणि १९०८ नंतर पहिल्यांदा कब्ज विजेते. पण पिचर वापरण्याच्या दृष्टीने पाहिलं तर सातव्या सामन्यात मॅनेजरांच्या हाती फारसं उरलंच नव्हतं. तिथे जे घडलं त्याची तजवीज आधीच्या चार-पाच दिवसांत झाली होती, दोन्ही बाजूंनी. म्हणून हे प्रकरण तिथून मागे जाऊन वाचायला हवं.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी आधी दोन-तीन नियम. बेसबॉलमध्ये पिचरला ओव्हरचं बंधन नाही, त्यामुळे एकच जण पूर्ण सामना टाकू शकतो. मात्र एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. सामन्याची सुरुवात करणारा स्टार्टर साधारण नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि नंतर चार दिवस विश्रांती घेतो. त्याच्यानंतर येणारे रिलीव्हर एकेक-दोनदोन इनिंग सांभाळतात आणि शेवटची इनिंग बहुतेक वेळा क्लोजरकडे असते. नेहमीच्या हंगामात पाच स्टार्टरांची पाळी लागते. प्लेऑफमध्ये प्रवासाच्या सुट्या असल्याने तीन किंवा चार स्टार्टरांवर भागतं. अजून एक गोष्ट मोजदादीत धरली जात नाही: बुलपेनमध्ये हात गरम करताना टाकलेले चेंडू. स्कोअरकार्डावर ते कुठेच दिसत नाहीत, पण खांद्याला ते सगळे कळतात.

आणि तिसरी बाब, जी या सिरीजमध्ये सर्वांत महत्त्वाची ठरली. बॅटरने एखाद्या पिचरला जितक्या वेळा पाहिलं, तितका तो पिचर सोपा होत जातो. एकाच सामन्यात बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा फिरून आली की चांगले चांगले स्टार्टर मार खातात. सात सामन्यांच्या सिरीजमध्ये तोच परिणाम सामन्यागणिक साचत जातो, आणि तो रिलीव्हरांनाही चुकत नाही.

क्लीव्हलँड: घरात नाही दाणा

क्लीव्हलँडचा संघ (तेव्हाचे इंडियन्स, आताचे गार्डियन्स) ऑक्टोबरमध्ये उतरला तेव्हाच लंगडत होता. सप्टेंबरच्या मध्यावर कार्लोस कारास्कोच्या उजव्या हातावर जोरकस फटक्याचा चेंडू बसला आणि हाड मोडलं. त्याच महिन्यात डॅनी सालाझारच्या कोपराखालच्या स्नायूला दुखापत झाली. म्हणजे पहिल्या तीन स्टार्टरांपैकी दोघे गेले. उरला कोरी क्लूबर, २०१४ चा साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवणारा आणि त्या हंगामात २१५ इनिंग टाकून आलेला. त्याच्यामागे ट्रेव्हर बॉवर आणि जॉश टॉमलिन. पैकी बॉवरने टोरोंटोविरुद्धच्या मालिकेआधी (वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी) घरी ड्रोन दुरुस्त करताना करंगळी कापून घेतली. त्या मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात जेमतेम २१ चेंडू टाकल्यावर टाके उसवून बोटातून रक्त ठिबकायला लागलं आणि पंचांनी त्याला थांबवायला लावलं. असल्या कारणाने संघाचं नियोजन कोलमडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

मॅनेजर टेरी फ्रँकोना याने त्या रात्री उरलेल्या आठ इनिंग आणि एक आउट सहा रिलीव्हरांत वाटून दिले आणि सामना ४-२ ने जिंकला. पुढे पाचव्या सामन्यात त्याने रायन मेरिट नावाच्या डावखुऱ्या मुलाला उतरवलं. मेजर लीगमध्ये याआधी तो फक्त एकदा स्टार्टर म्हणून खेळला होता. मेरिटने सव्वाचार इनिंगच्या आसपास एकही धाव दिली नाही आणि क्लीव्हलँड वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचलं.

हे सगळं शक्य झालं ते अँड्र्यू मिलरमुळे. ३१ जुलैला क्लीव्हलँडने त्याला न्यूयॉर्क यांकीजकडून घेतलं होतं. त्याच्या सहा दिवस आधी यांकीजनेच चॅपमन कब्जला दिला होता. म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आलेले दोन सर्वांत धारदार रिलीव्हर जुलैपर्यंत एकाच बुलपेनमध्ये शेजारी बसत होते. पण दोघांचा वापर अगदी वेगळा झाला. क्लीव्हलँडचा क्लोजर कोडी अ‍ॅलन होता आणि तोच राहिला. मिलरला ठरलेली इनिंग नव्हती. सामना जिथे लटकलेला असेल तिथे, मग ती पाचवी इनिंग असो की सातवी, फ्रँकोना त्याला आणायचा आणि दोन इनिंग टाकायला लावायचा. सर्वांत चांगल्या रिलीव्हरला शेवटच्या इनिंगसाठी झाकून ठेवायचं, ही जुनी सवय किती महाग पडते याचा दाखला त्याच महिन्यात मिळाला होता. ४ ऑक्टोबरला बॉल्टिमोरच्या बक शोवॉल्टरने झॅक ब्रिटन या आपल्या क्लोजरला अकरा इनिंगच्या बाद फेरीच्या सामन्यात एकदाही हात लावला नाही, आघाडी मिळण्याची वाट पाहत राहिला, आणि टोरोंटोने सामना संपवून टाकला. ब्रिटन बुलपेनमध्येच राहिला.

फ्रँकोना तसा माणूस नव्हता. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, २५ ऑक्टोबरला, क्लूबरने पहिल्या तीन इनिंगमध्ये आठ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सहा इनिंग शून्य धावा दिल्या. सातव्या इनिंगच्या सुरुवातीला कब्जच्या झोब्रिस्टने हिट मारली (फटक्यावर बेस गाठला) आणि मिलर आला. त्याने एक वॉक दिला (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), एक हिट दिली, तिन्ही बेस भरले आणि आउट एकही नाही. मग कॉन्ट्रेरासचा उंच झेल, रसेल स्ट्राइकआउट, रॉस स्ट्राइकआउट. क्लीव्हलँड ६-० जिंकलं. मात्र मिलरचे दोन इनिंगमध्ये ४६ चेंडू गेले आणि दुसऱ्या सामन्यात तो दिसला नाही. तो सामना कब्जने ५-१ असा घेतला.

चौथा सामना: इथे एक रस्ता सोडला

शिकागोत तिसरा सामना क्लीव्हलँडने १-० ने जिंकला. टॉमलिनला पाचव्या इनिंगमध्येच काढून पुढचे आउट मिलर, ब्रायन शॉ आणि अ‍ॅलन यांच्याकडून घेतले. सिरीज २-१. आता २९ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात कोण?

फ्रँकोनापुढे दोन रस्ते होते. पहिला, क्लूबरला चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरवायचं. त्याचा अर्थ पुढेही तीच साखळी: बॉवर पाचव्यात, टॉमलिन सहाव्यात, क्लूबर सातव्यात, सगळे एकेक दिवस कमी विश्रांती घेऊन. दुसरा रस्ता, चौथ्यात मेरिटला खेळवायचं. तसं केलं असतं तर क्लूबर पाचव्यात, बॉवर सहाव्यात आणि टॉमलिन सातव्यात, तिघेही पूर्ण विश्रांतीवर आले असते. किंमत एवढीच, की क्लूबर तीनऐवजी दोनदाच मिळाला असता, आणि सातवा सामना टॉमलिनवर सोडावा लागला असता.

त्याने पहिला रस्ता धरला. कागदावर पाहिलं तर त्याच्याशी भांडता येत नाही. क्लूबरने सहा इनिंगमध्ये ८१ चेंडू टाकून एकच धाव दिली, क्लीव्हलँडच्या किपनिसने सातव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होमरन (भिंतीपलीकडचा फटका) मारला आणि क्लीव्हलँड ७-२ जिंकून ३-१ वर गेलं. हातात एक सामना असतो तेव्हा सर्वांत चांगला पिचर खेळवावा, पुढचं पुढे. पण साखळीचा दुसरा भाग लक्षात घ्या. ३० ऑक्टोबरपासूनचे तिन्ही सामने क्लीव्हलँडने थकलेल्या स्टार्टरांवर खेळले. समोर कब्जकडे लेस्टर चार दिवसांच्या, एरिएटा पाच दिवसांच्या आणि हेंड्रिक्स चार दिवसांच्या विश्रांतीवर होता. ३-१ ही आघाडी दिसायला भक्कम होती, पण पिचरांची गंगाजळी त्याच दिवशी तळाला लागली होती.

याच सामन्यात फ्रँकोनाने एक गोष्ट केली जिच्याबद्दल त्याला कोणी फारसं विचारलं नाही. ७-१ अशी आघाडी असताना त्याने मिलरला दोन इनिंग टाकायला लावल्या. आठव्या इनिंगमध्ये कब्जच्या फाउलरने त्याला होमरन मारला. ही त्या संपूर्ण प्लेऑफमध्ये मिलरने दिलेली पहिली धाव. सहा धावांच्या आघाडीवर दुसऱ्या कुणी रिलीव्हरने काम भागलं असतं. मिलरला नंतर तीन दिवस मोकळे मिळाले, त्यामुळे थकव्याचा मुद्दा इथे लागू होत नाही. पण त्या दोन इनिंगमध्ये कब्जच्या बॅटरांना त्याचा स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) आणखी एकदा जवळून बघायला मिळाला. हे फुकटचं शिक्षण होतं.

म्हणजे मॅडनने सहाव्या सामन्यात जी उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली, तिची सौम्य आवृत्ती फ्रँकोनाने तीन दिवस आधी करून ठेवली होती. जिंकत असताना हात सैल सुटतो, दोघांचाही सुटला.

चॅपमन: सात आउट, पाच धावा

पाचव्या सामन्यातल्या ४२ चेंडूंबद्दल माझी काही तक्रार नाही. कब्ज हरले असते तर सिरीजच संपत होती, आघाडी ३-२ अशी एकाच धावेची होती, आणि सातव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर क्लीव्हलँडचा रनर दुसऱ्या बेसवर होता. मॅडनने चॅपमनला तिथून आठ आउट टाकायला लावले. त्यात आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसने हिट मारून दोन बेस चोरले (फटक्याविना धावून गाठले), तरी धाव झाली नाही. या घडीला राखून ठेवायचं तरी कशासाठी? असा वापर करण्यासाठीच असा पिचर घेतलेला असतो.

मग एक दिवस प्रवासाची सुटी, आणि सहावा सामना. तीन दिवसांच्या विश्रांतीवर आलेला टॉमलिन तिसऱ्या इनिंगमध्येच सहा धावा देऊन गेला. रसेलने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. ७-० पासून ७-२ झालं. मग सातव्या इनिंगमध्ये माइक मॉन्टगोमेरीने दोन रनर बेसवर ठेवले आणि मॅडन उठला.

मॅडनची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती अगदी पोकळ नव्हती. समोर फ्रान्सिस्को लिंडॉर होता आणि त्याच्यामागे ऑर्डरचा मधला भाग. लिंडॉरने तिथे होमरन मारला असता तर ७-५, आणि आठवी-नववी इनिंग पूर्ण बाकी. सहावा हरलं तर सातवा नाहीच. पेड्रो स्ट्रॉप आणि हेक्टर रोंडॉन हे दोघे नेहमीचे रिलीव्हर ऑगस्टमध्ये दुखापतग्रस्त होऊन परतले होते आणि मॅडनचा त्यांच्यावर पहिल्यासारखा विश्वास उरला नव्हता. चॅपमन येण्याआधी रोंडॉनच कब्जचा क्लोजर होता, हे इथे सांगितलं पाहिजे.

तरीही हा निर्णय मला चुकीचाच वाटतो, आणि त्याचं कारण लिंडॉर नाही. लिंडॉरसाठी चॅपमनला आणलं, इथवर ठीक म्हणू. पहिल्या बेसवरच्या रिझोने लिंडॉरचा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) घेतला, चॅपमनने धावत जाऊन पहिला बेस गाठला, आणि व्हिडिओ तपासल्यावर लिंडॉर आउट ठरला. इनिंग संपली. धोका टळला. आता पाच धावांची आघाडी, सहा आउट बाकी, बेस मोकळे. इथे चॅपमनला बसवून कुणालाही आणता आलं असतं. मॅडनने त्याला आठवी इनिंगही दिली. पुढे नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात (कब्जच्या बॅटिंगमध्ये) रिझोने दोन धावांचा होमरन मारून ९-२ केलं, आणि तरीही खालच्या अर्ध्यात चॅपमन परत टेकाडावर चढला. पहिल्याच बॅटरला वॉक दिल्यावर मग त्याला काढलं. बाकीचं काम स्ट्रॉप आणि ट्रॅव्हिस वूड यांनी केलं. म्हणजे जे काम करायला स्ट्रॉप लायक नव्हता असं धरलं होतं, तेच शेवटी त्यानेच थोडंफार केलं.

चॅपमनचे त्या रात्रीचे चेंडू २०. आकडा छोटा वाटतो. पण त्यासाठी तो दोनदा गरम झाला, मध्ये बसून राहिला, पुन्हा उठला. पिचरला थकवणारा भाग तोच असतो.

२ नोव्हेंबर: जमाखर्च

सातवा सामना सुरू झाला तेव्हा भारतात ३ नोव्हेंबरची सकाळ उजाडत होती. क्लूबर पुन्हा तीन दिवसांच्या विश्रांतीवर. फाउलरने सामन्याच्या पहिल्याच बॅटिंगला होमरन मारला. क्लूबरचे या सिरीजमधले स्ट्राइकआउट बघितले की सगळी गोष्ट दिसते: पहिल्या सामन्यात ९, चौथ्यात ६, सातव्यात शून्य. हात थकला होता हे एक, आणि कब्जचे बॅटर त्याला नऊ दिवसांत तिसऱ्यांदा बघत होते हे दुसरं. यातलं किती कशामुळे हे कुणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला बायेझने होमरन मारून ४-१ केलं आणि क्लूबर गेला. मिलर आला, तर ब्रायंट आणि रिझोने त्याच्याकडून एक धाव काढली. सहाव्या इनिंगमध्ये डेव्हिड रॉसने, आपल्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात, मिलरला होमरन मारला. मिलरने त्या प्लेऑफमध्ये १९ इनिंग आणि एका आउटमध्ये ३० स्ट्राइकआउट घेतले आणि एकूण तीन धावा दिल्या. त्यातल्या दोन इथे, या सामन्यात, जेव्हा बॅटर त्याला चौथ्यांदा बघत होते.

फ्रँकोनाने क्लूबरला चौथ्या इनिंगनंतर काढायला हवं होतं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटतं, पण अर्धवट. तोपर्यंत ३-१ झालंच होतं, आणि मिलरला तिथे आणलं तर पुढच्या पाच इनिंग कुणी टाकायच्या हा प्रश्न उरतो. त्याच्याकडे पर्याय संपले होते, आणि ते संपण्याची सुरुवात कारास्कोच्या हातावर चेंडू बसला त्या दिवशी झाली होती.

मॅडनचं तसं नव्हतं. त्याच्याकडे पर्याय भरपूर होते. म्हणूनच पाचव्या इनिंगमधला त्याचा निर्णय जास्त खुपतो. काइल हेंड्रिक्स त्या हंगामात नऊ इनिंगमागे २.१३ धावा या सरासरीने दोन्ही लीगमध्ये पहिला होता. दहा-अकरा दिवसांपूर्वीच लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध त्याने आठव्या इनिंगपर्यंत धाव दिली नव्हती. आघाडी ५-१, दोन आउट, त्याचे चेंडू झालेले फक्त ६३. त्याने सान्तानाला वॉक दिला, तोही एका अशा चेंडूवर जो पंचाने दुसऱ्या रात्री कदाचित स्ट्राइक दिला असता. आणि मॅडनने जॉन लेस्टरला बोलावलं.

लेस्टर स्वतः उत्तम. पण दोनच दिवसांच्या विश्रांतीवर आलेला स्टार्टर, आणि बेसकडे चेंडू फेकण्याची त्याची जुनी अडचण सगळ्या लीगला माहीत होती. बेसवर रनर असताना त्याला मध्येच उतरवणं हा सर्वांत वाईट मुहूर्त. इनिंगच्या सुरुवातीला, मोकळ्या बेसवर आणायचं, हा खरा बेत असायला हवा होता. डावखुरा किपनिस समोर आहे म्हणून डावखुरा लेस्टर, एवढ्या एका सोयीसाठी तो बेत मोडला. किपनिसने चेंडू जेमतेम ढकलला, नुकताच आलेला कॅचर रॉस याने तो चुकीचा फेकला, रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर गेले. पुढे एक चेंडू जमिनीवर आपटून रॉसच्या मास्कवरून उडाला आणि दोन्ही रनर घरी आले. ५-३. ज्या हेंड्रिक्सला त्या इनिंगमधला एक आउट टाकायचा होता, तो डगआउटमधून बघत होता.

गंमत म्हणजे लेस्टर त्यानंतर सावरला आणि तीन इनिंग उत्तम टाकल्या. आठव्या इनिंगमध्ये दोन आउट, ६-३. मग रामिरेझची एक आतल्या आत राहिलेली हिट, आणि मॅडनने चॅपमनला आणलं. चार आउट हवे होते. समोर ब्रँडन गायर, जो डावखुऱ्या पिचरांना झोडपण्यासाठी ओळखला जायचा, आणि त्याच्यामागे उजव्या हाताचा डेव्हिस. इथे लेस्टरला काढण्यामागचं तर्कशास्त्र मला आजवर कळलेलं नाही. डावखुऱ्याला काढून डावखुराच आणला होता.

चॅपमनचा चेंडू रोजच्यासारखा सुटत नव्हता. गायरने दुहेरी हिट (दोन बेस देणारी) मारली, ६-४. मग डेव्हिस. त्याने बॅट वरती, आखूड पकडली होती, फाउलवर फाउल मारत राहिला, आणि एक खालचा फास्टबॉल डाव्या बाजूच्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. ६-६. तीन दिवसांपूर्वी याच डेव्हिसला चॅपमनने बेस चोरू दिले होते, पण धाव होऊ दिली नव्हती. स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो टीव्हीवरूनही अंगावर आला.

या ठिकाणी एक गोष्ट मॅडनच्या बाजूने नोंदवायला हवी. त्याने चॅपमनला नवव्या इनिंगलाही ठेवलं. चॅपमनने वेगाचा हट्ट सोडला, स्लायडर जास्त टाकले आणि धाव दिली नाही. तिथे धाव झाली असती तर क्लीव्हलँड विजेतं. या सामन्यात त्याचे ३५ चेंडू झाले. ४२, २० आणि ३५: चार दिवसांत ९७. एका स्टार्टरचा पूर्ण दिवसाचा खुराक, पण तिन्ही वेळी पूर्ण जोर लावून, आणि मध्ये फक्त एक सुटी.

पाऊस आला आणि १७ मिनिटं खेळ थांबला. त्या वेळात कब्जचे खेळाडू एका खोलीत जमले, जेसन हेवर्ड बोलला, हे सर्वांना पाठ आहे. पिचरांच्या हिशेबात तो पाऊस दुसऱ्या बाजूला पडला: नवव्या इनिंगमध्ये आलेला शॉ गरम हात घेऊन बसून राहिला आणि दहावीत परत आला. श्वार्बरची हिट, त्याच्याऐवजी धावणारा अल्मोरा उंच झेलावर दुसऱ्या बेसवर, रिझोला मुद्दाम वॉक, झोब्रिस्टची दुहेरी हिट, रसेलला मुद्दाम वॉक, माँटेरोची हिट. ८-६. यात फ्रँकोनाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शॉच्या मागे उभा होता तो दोन दिवसांच्या विश्रांतीवरचा बॉवर.

खालच्या अर्ध्यात कार्ल एडवर्ड्सने दोन आउट घेतले, गायरला वॉक दिला, डेव्हिसने हिट मारून ८-७ केलं. आता कब्जच्या बुलपेनमध्ये कोण? चॅपमन संपला होता. लेस्टर, हेंड्रिक्स संपले होते. स्ट्रॉप आणि रोंडॉनवर मॅडनने त्या रात्री एकदाही भरवसा ठेवला नाही. आला मॉन्टगोमेरी, ज्याने मेजर लीगमध्ये तोवर एकही सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) घेतला नव्हता. मायकल मार्टिनेझने ब्रायंटकडे हलका ग्राउंडर मारला, आणि तो सेव्ह झाला.

निकाल पाहून न्याय करायचा तर मॅडन बरोबर आणि फ्रँकोना चूक. मी उलटं म्हणेन. फ्रँकोनाने अर्ध्या स्टाफवर सिरीज दहाव्या इनिंगपर्यंत ओढत नेली, आणि त्याची चौथ्या सामन्यातली निवड वादग्रस्त असली तरी तिला कारण होतं. मॅडनकडे लीगमधला सर्वांत सखोल स्टाफ होता आणि तो वापरताना त्याने घाबरून चार माणसांवर सगळं टाकलं. सहाव्या सामन्यात आठवी इनिंग स्ट्रॉपला दिली असती तर सातव्यासाठी चॅपमनचे २० नाही तरी १२-१५ चेंडू वाचले असते. तेवढ्याने डेव्हिसचा चेंडू भिंतीच्या आत पडला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण डेव्हिसला थकलेला चॅपमन भेटावा, अशी व्यवस्था कब्जच्याच डगआउटमधून झाली होती.

एक बाजू मात्र मॅडनच्या टीकाकारांकडून सुटते. कब्जने चॅपमनला ग्लेबर टोरेससारखा होतकरू खेळाडू देऊन फक्त अर्ध्या हंगामासाठी घेतलं होतं. नोव्हेंबरनंतर त्याचा करार संपत होता. त्याचा खांदा २०१७ मध्ये कसा असेल, याची काळजी कब्जला करायची नव्हती. क्लीव्हलँडकडे मिलरचा करार २०१८ पर्यंत होता, म्हणजे त्याच्या दोन इनिंगची किंमत त्यांना स्वतःच मोजावी लागणार होती. मिलरला २०१७ च्या उन्हाळ्यात गुडघ्याने त्रास दिला. क्लूबर मे महिन्यात पाठीच्या दुखण्याने बाहेर बसला, पण परत येऊन त्याने त्याच वर्षी दुसऱ्यांदा साय यंग पुरस्कार मिळवला. कमी विश्रांतीवर टाकल्याने पिचर मोडतोच असं नाही, एवढंच यातून दिसतं.

चॅपमन डिसेंबरमध्ये पाच वर्षांच्या आणि ८ कोटी ६० लाख डॉलरच्या कराराने यांकीजकडे परत गेला. त्या वेळी पत्रकारांशी बोलताना त्याने सांगितलं, की मॅडनने आपल्याला ज्या पद्धतीने वापरलं ते पटलं नव्हतं, आणि त्यात त्याने सहाव्या सामन्याचं नाव घेतलं. पाचव्या सामन्यातल्या ४२ चेंडूंबद्दल त्याची तक्रार नव्हती.